मान खाली, डोळा झाकलेला

१

ते साल १९५३. नोव्हेंबरचा तिसरा रविवार होता आणि दुपारी एकला चार मिनिटं कमी होती. आग्नेस मोरावेकला हे जन्मभर आठवत राहिलं, कारण वेळेवर नजर ठेवणं हेच तिचं काम होतं. कंट्रोल रूममधल्या आपल्या टेबलाचा खण तिने उघडला. आत स्टॉपवॉचचा डबा होता, पेन्सिली होत्या, खोकल्याच्या गोळ्या होत्या. पिवळं पाकीट नव्हतं.

तिने खण ओढून बाहेर काढला, उलटा केला, टेबलाखाली वाकून बघितलं. मग ती तशीच जमिनीवर बसून राहिली. 

त्या पाकिटात बावीस पानं होती, हिरव्या शाईने लिहिलेली. संध्याकाळी पाच वाजता त्याच स्टुडिओतून जे नाटक देशभरातल्या घराघरांत दिसणार होतं, त्याचा तिसरा अंक. नाटकावर नाव होतं वॉरन टिबेट याचं. हा गृहस्थ न्यू जर्सीत सोफे विकत असे आणि पुस्तकाच्या वाटेलाही जात नसे. खरा लेखक होता आग्नेसच्या थोरल्या बहिणीचा, ल्युड्मिलाचा नवरा, जुलियन फेस. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कुणाला काम द्यायचं नाही याच्या ज्या याद्या जाहिरात कंपन्यांच्या कपाटांत असत, त्यांतल्या एकीत जुलियनचं नाव दोन वर्षांपूर्वी चढलं होतं. तेव्हापासून न्यूयॉर्कमध्ये त्याला कुणी दारातही उभं करत नव्हतं.

म्हणून दर गुरुवारी आग्नेस एका कॅफेटेरियात त्याच्याशेजारी जाऊन बसे, अनोळखी असल्यासारखी. सूप संपलं की जुलियन उठून जाई आणि खुर्चीवर वर्तमानपत्र राही. घडीत पानं असत. ती घरी टाइप करून काढायची आणि मूळ पानं स्वयंपाकघरातल्या मोरीत जाळायची. हा नेम तिने कधी मोडला नव्हता. पण या खेपेस तिसरा अंक शनिवारी बदलला. पानं रविवारी सकाळी हातात पडली, तिने ती स्टुडिओतच टाइप केली आणि जाळायला मोरी नव्हती म्हणून खणात ठेवली. खणाला कुलूपही नव्हतं.

"आग्नेस, जमिनीवर काय शोधतेस?"

दारात साऊल वेक्सलमन उभा होता. नाटकाचा दिग्दर्शक, आणि स्टुडिओत हे गुपित ठाऊक असलेला तिच्याखेरीज एकमेव माणूस. तिने मान वर केली. तिचा चेहरा बघून त्याने आधी दार लावून घेतलं.

"जाळली नव्हतीस?"

"नाही."

 खिशातून पोटदुखीची गोळी काढून साऊलने कोरडीच चावली.

"चार वाजता प्रायोजकांचा लूमिस येणार," तो म्हणाला. "तो जुलियनच्या शेजारच्या टेबलावर तीन वर्षं जाहिराती लिहायचा. ती हिरवी शाई त्याला झोपेतही ओळखू येईल. ज्याने पाकीट नेलंय तो ते त्याच्याच हातात देणार, दुसरं कोण घेणार असली रद्दी? मग जुलियन गेला, तू गेलीस, मी गेलो. आणि तुझ्या बहिणीचं ते तान्हं."

"पोलिसांना—"

"पोलिसांना काय सांगणार, बाई? आमच्याकडे एक माणूस चोरून पोट भरत होता, त्याचा पुरावा चोरीला गेला?"

२

स्टुडिओ पूर्वी घोड्यांचा तबेला होता. हिवाळ्यात दिवे तापले की भिंतींतून अजून वास यायचा. रविवारी मोठ्या दाराला एकच पहारेकरी. आग्नेस कोट न घालताच त्याच्याकडे गेली.

"जेवायच्या सुट्टीत आत कोण कोण होतं हो?"

"का? कुणाचं काय हरवलं?"

"माझी छत्री."

"पाऊस कुठे आहे?" तो हसला. "बारा पाचला मी कुलूप लावलं. तूच शेवटची बाहेर पडलीस, फोन करायला. आत तिघं राहिले. थेलसाहेब सेटवरच्या कोचावर आडवे झाले होते. रोझली रंगपटात पाय शेकत होती. आणि क्लेम. मग बारा पन्नासला एडी आला. मी त्याच्याबरोबरच आत गेलो, कारण त्याच्याकडे डोनट होता. त्याच्या कॅमेऱ्याशी उभं राहून आम्ही अर्धा-अर्धा खाल्ला. तोवर सगळे आलेच."

म्हणजे तिघं. आग्नेसने मनात बोटं मोजली. तिघंही रोजचे, तिघांनीही तिच्या वाढदिवसाला केक खाल्लेला.

रोझली क्वाइन तोंडं रंगवायची. तिचा नवरा माजी सैनिकांच्या संघटनेत होता आणि रोझली त्याची मतं त्याच्याहून मोठ्या आवाजात मांडायची. आग्नेस दारात दिसताच ती म्हणाली, "ये बाई, बस. तोंड बघ केवढं झालंय. त्याने सोडलं वाटतं तुला?"

"कुणी?"

"आता माझ्यापुढे नको. कॅफेटेरियातला तो उंच, टक्कल पडलेला. दर गुरुवारी. शेजारी बसता आणि बोलत नाही. माझी नणंद तिथे थाळ्या उचलते."

आग्नेसने दार लोटून घेतलं. "तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"नवऱ्याला सुद्धा नाही. लग्न झालेला असणार, हो ना? तोंडावरून दिसतं म्हणाली नणंद." रोझलीने पफ झटकला. "मी काही तुझी आई नाही. पण तो बायकोला सोडणार नाही, हे लिहून घे."

"सुट्टीत वर कंट्रोल रूमकडे कुणी गेलेलं पाहिलंत?"

"माझे पाय मिठाच्या पाण्यात होते, राणी. आग लागली असती तरी मी उठले नसते."

गॉर्डन थेल नाटकातला म्हातारा बाप करत होता. कधीकाळी रंगभूमीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लागत असे आणि ती अक्षरं केवढी होती हे तो हात पसरून दाखवायचा. नव्या तिसऱ्या अंकात त्याचं दीड पान कापलं गेलं होतं.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला. "माझी वाक्यं कापल्यावर मला दुसरं काम काय उरलं? त्या टिबेटला सांग, सोफे विकणारा माणूस सोफ्यासारखंच लिहितो."

"तो सोफे विकतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी त्याच्याकडूनच घेतला. पाय डगमगतात त्याचे." थेलने एक डोळा बारीक केला. "का ग? एवढी पांढरी का पडलीस?"

ती तशीच निघून आली. 

क्लेम रज तिला जिन्याच्या पायरीशी भेटला. तो फ्लोअर मॅनेजर होता, म्हणजे दिग्दर्शकाचं म्हणणं हेडफोनमधून ऐकून खाली नटांना खुणांनी सांगणारा. कार्यक्रम चालू असताना फ्लोअरवर तोंडातून अवाक्षर काढायची सोय नसे, माइक सगळं पकडत. म्हणून सगळं हातांनी. दोन हात लांबवले की रेंगाळा, बोट फिरवलं की उरका. आणि नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं की वेळ अगदी बरोबर, एक सेकंदही इकडेतिकडे नाही. हे सगळं आग्नेसला क्लेमनेच शिकवलं होतं. अकरा वर्षं तो कॅमेऱ्यामागे होता. खांदा निकामी झाला म्हणून फ्लोअरवर आला. जेवायची सुट्टी झाली की अजूनही पोरांवर ओरडायचा, "टोप्या घाला रे, मान खाली, डोळा झाकलेला." पोरं हसायची, भिंगावर टोपी अडकवून जेवायला पळायची. कॅमेऱ्याची मान खाली करत बसायला कुणाला वेळ होता?

"काय झालं, पोरी?" तो म्हणाला. "सकाळी बाहीला हिरवी शाई, आता डोळे लाल."

"काही नाही. तुम्ही कुठे होता सुट्टीत?"

"तळघरात, बॉयलरपाशी. थंडी पडली की हा खांदा जीव नकोसा करतो." त्याने तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं सँडविच ठेवलं. "खा. उपाशीपोटी घड्याळ चुकतं."

तिला एकदम रडू आलं. त्या इमारतीत साऊलखेरीज आपल्या बाजूचा एक तरी माणूस आहे, असं तिला वाटलं.

३

दीड वाजता शेवटची तालीम सुरू झाली. कंट्रोल रूममध्ये तीन कॅमेऱ्यांचे तीन छोटे पडदे उजळले आणि दुसऱ्या पडद्याकडे बघून चित्रं सांभाळणारा इंजिनियर लिंडक्विस्ट खुर्चीतून अर्धा उठला.

"हे काय आहे?"

दुसरा कॅमेरा चुलीकडे रोखलेला होता. पडद्यावर चूल दिसत होती. पण चुलीवर एक माणूस आडवा तरंगत होता. काळा शर्ट, पांढरे बूट, उघडं तोंड.

आग्नेसच्या हातातली पेन्सिल पडली. कॅमेरा दाराकडे वळला, तो माणूस दारावर आला. खिडकीकडे वळला, खिडकीवर आला. जिकडे नजर जाईल तिकडे तो निजलेलाच.

"एडी," लिंडक्विस्ट माइकमध्ये अगदी हळू म्हणाला, आणि तो हळू बोलला की माणसं घाबरत, "जेवायला जाताना टोपी घातली नव्हतीस."

त्या काळच्या कॅमेऱ्यातली नळी फार हळवी असे. एकाच दृश्याकडे तिने बराच वेळ टक लावून पाहिलं की ते तिच्यावर उमटून बसे आणि मग जाता जात नसे, पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं होऊन. हलतं ते उमटत नसे. स्थिर असे तेच राही.

हेडफोनमधून एडीचा आवाज आला. "घातलीच असणार, मिस्टर लिंडक्विस्ट. परत आलो तेव्हा टोपी होती. पहारेकऱ्याला विचारा."

"मग हा कोण झोपलाय, तुझा काका?"

"आईशप्पथ टोपी होती."

"कॅमेरा खोटं बोलत नाही, तू बोलतोस. हे भूत अर्ध्या तासाचं तरी आहे. चल, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहा, धुऊन निघतंय का बघू."

साऊलने डोकं हातात धरलं. आग्नेस मात्र पडद्यावरच्या त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. तो थेल होता. फिक्या निळ्या शर्टाचा काळा झाला होता, काळ्या बुटांचे पांढरे. आणि तो इतका रेखीव उमटला होता की अर्धा तास तो कुशीवरही वळला नसणार. उठून जिना चढून खण उघडणं तर दूरच.

एक वजा झाला. उरले दोन.

रोझली? तिला कॅफेटेरिया ठाऊक होता. रोझलीने नणंदेकडून ऐकलं, नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने लूमिसला. कडी जुळत होती. तरी काहीतरी टोचत होतं. भूत सांगत होतं टोपी नव्हती. एडी सांगत होता टोपी होती. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत असलं पाहिजे, असं सगळे धरून चालले होते.

४

चार वाजता लूमिस आला. प्रायोजक कॉफी कंपनीच्या जाहिराती बघणारा माणूस, गुळगुळीत दाढी, मऊ आवाज. पाहुण्यांसाठी वर काचेची वेगळी खोली होती, तिथे जाण्याआधी तो कंट्रोल रूममध्ये डोकावला.

"सगळं ठीक ना, साऊल? कॉफीचा कप उजव्या हातात धरायला सांगा त्या बाईला, गेल्या वेळी डाव्या हातात होता." मग जाता जाता, "आणि शो संपल्यावर खालचे दिवे लगेच घालवू नका. फ्लोअरवर मला एक जण भेटणार आहे. काहीतरी दाखवायचंय म्हणतो."

"कोण?" साऊलने विचारलं.

"ते मलाही संपल्यावरच कळणार. निरोप होता फक्त." तो आग्नेसकडे बघून हसला. "मिस मोरावेक, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"ठीक आहे मी."

"छान. तुमचं आडनाव चेक आहे ना? माझ्याकडे पूर्वी एक ओळखीचा होता, त्याची बायको चेक होती."

दार मिटलं. 

"आजारी आहे सांगून घरी जा," साऊल पुटपुटला. "बहिणीला घेऊन कुठे तरी निघून जा."

"आणि घड्याळ कोण बघणार?"

"कुणीतरी."

"कुणीही नाही," ती म्हणाली. तिने स्टॉपवॉचला चावी दिली. तिला पळून जायचं होतं. पण पानं न जाळता ठेवली होती ती तिनेच, दुसऱ्या कुणी नव्हे, आणि त्या खुर्चीतून ती उठली असती तर चोर कोण हे कधीच कळलं नसतं.

५

पाचला नाटक सुरू झालं. एकदा सुरू झालं की थांबवायची सोय नव्हती. नट पडला तरी पडल्याजागी नाटक पुढे चाले. पहिला अंक तीन सेकंद लांबला, दुसरा नऊ सेकंद लवकर आटपला. दुसऱ्या कॅमेऱ्यावरचं भूत भिंतीकडे बघून बघून फिकं झालं होतं. नीट पाहिलं तरच निजलेला माणूस दिसे. पण तो कॅमेरा हलताना गचके घेत होता.

"एडी, कॅमेरा आहे की बैलगाडी?" साऊल माइकमध्ये गुरगुरला.

दुसऱ्या अंकानंतर कॉफीची जाहिरात, दोन मिनिटं, स्टुडिओच्या पलीकडल्या कोपऱ्यात पहिल्या कॅमेऱ्यावर. तेवढ्या वेळात बाकीचे कॅमेरामन कुजबुजू शकत.

"सॉरी, साहेब," एडीची कुजबुज आली. "बोट सुजलंय. दुपारी चिमटलं."

"कशात चिमटलं?"

"कॅमेऱ्याच्या मानेत. कुणीतरी मान खाली करून पार आवळून ठेवली होती, सोडवताना बोट अडकलं. आपण कुठे आवळतो एवढं."

आग्नेसने मान वर केली.

मान खाली. डोळा झाकलेला.

मग ते तिला सरळ दिसलं, कॅमेऱ्याने दाखवावं तसं. भूत खोटं बोलत नव्हतं आणि एडीही खोटं बोलत नव्हता. एडी भुकेल्या पोटी टोपी न घालताच पळाला होता. कॅमेरा अर्धा तास थेलकडे बघत राहिला. मग, साडेबाराच्या पुढे-मागे, कुणीतरी कंट्रोल रूमचा जिना उतरून त्याच्याजवळून गेलं आणि टोपी घालून, मान वाकवून, आवळून गेलं. बारा पन्नासला एडी आला तेव्हा काम झालेलं होतं. रोझलीला टोपी म्हणजे डोक्यावरची तेवढीच ठाऊक. थेल झोपला होता. आणि ज्याने नळी वाचवायचं इतकं चांगलं काम केलं, तो दीडपासून एडी शिव्या खात असताना शेजारी उभा राहून गप्प का बसला? कारण बोलला असता तर तो तेव्हा तळघरात नव्हता हे उघड झालं असतं.

पाकीट घेऊन पळणाऱ्या माणसाचे हात, अकरा वर्षांच्या सवयीने, आपोआप कॅमेऱ्याकडे गेले होते. उघडा डोळा बघून पुढे जाणं त्याला जमलंच नव्हतं.

सकाळी बाहीला हिरवी शाई त्यानेच पाहिली होती.

"तीस सेकंद," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

६

तिसऱ्या अंकाच्या शेवटी बाप जुनी पत्रं चुलीत जाळतो. चूल खरी होती, जाळ खरा होता, शेजारी वाळूची बादली घेऊन अग्निशमनवाला उभा. तालमीत थेल दोनदा पत्रं घ्यायला विसरला, म्हणून साऊलने तोडगा काढला होता: क्लेमने चुलीमागे दडून बसायचं आणि वेळ आली की गठ्ठा खालून थेलच्या हातात द्यायचा.

वेळ सांगण्यासाठी आग्नेसच्या पुढ्यातही माइक होता. ती बोलली की खाली क्लेमला, तिन्ही कॅमेरामनना, लिंडक्विस्टला, सगळ्यांना ऐकू जाई. लूमिसच्या खोलीत मात्र फक्त नाटकाचा आवाज.

"साडेसहा मिनिटं," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "क्लेम, दुसऱ्या कॅमेऱ्याची टोपी तुम्ही घातलीत."

साऊलने झटकन तिच्याकडे पाहिलं. ती पडद्यांकडे बघत होती.

"साडेबाराला. मानही तुम्हीच खाली केलीत. तळघरात नव्हता तुम्ही."

लिंडक्विस्टचे हात बटणांवर थांबले.  खाली थेल आणि मुलीचं काम करणारी नटी जोरजोरात भांडत होते, त्यांना काही पत्ता नव्हता.

एडीचा कॅमेरा त्या क्षणी रिकामा होता. त्याने तो कुणी न सांगता हळूच वळवला. पडद्यावर क्लेम आला, चुलीमागे गुडघ्यावर बसलेला, छातीशी पुठ्ठ्याची पाटी. त्या पाटीवर त्याचं नाटकाचं बाड होतं. बाडाखाली काहीतरी जाड होतं.

तो उत्तर देऊ शकत नव्हता. एक शब्द काढला असता तर देशाने ऐकला असता. त्याने फक्त कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि लिंडक्विस्टच्या चित्रात त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं भूत, निजलेला माणूस, फिकट पसरलेलं होतं. क्लेम भ्यायलेला होता. आग्नेसने आरशात दुपारपासून जे तोंड पाहिलं होतं, तेच.

"पाच मिनिटं," ती म्हणाली. "क्लेम, सँडविच मी खाल्लं नाही. अजून माझ्यापाशीच आहे. तुम्ही मला शिकवलंत की फ्लोअरवर उभा असलेला माणूस कुणालाही पडू देत नाही. नट वाक्य विसरला तर तुम्ही ओठ हलवून सांगता. आत्ता मी विसरलेय, क्लेम. मला पुढचं सांगा."

साऊलने हात पुढे केला, माइक बंद करण्यासाठी; मग तो हात त्याने मागे घेतला.

चार मिनिटं. तीन. वर काचेत लूमिस घड्याळ बघून टाय सारखा करत होता.

"दोन मिनिटं दहा. पत्रं तयार."

"दुसरा कॅमेरा चुलीवर, जवळ जा," साऊल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दुसरा घ्या."

मोठ्या पडद्यावर चूल आली. थेलचा हात खाली गेला. आग्नेसने डोळे मिटून घेतले, आणि उघडले.

हात वर आला. गठ्ठा होता, पण तो सेटचं सामान सांभाळणाऱ्याने चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला गठ्ठा नव्हता. पांढरीशुभ्र पानं, दाट लिहिलेली. थेलच्या बोटांनी फरक ओळखला. तो क्षणभर थबकला, त्याने ओळीकडे पाहिलं. त्याच्याच वाक्यांची ओळ होती ती, ज्याने ती लिहिली त्याच्या हातची. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

मग त्याने पानं चुलीत घातली. एकेक करून, जसं नाटकात लिहिलं होतं. देशभरातल्या लोकांनी बघितलं, लूमिसने काचेतून वाकून बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला असावा की म्हातारा आज रंगात आलाय.

"पंधरा सेकंद," आग्नेस म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आकडे मात्र चुकत नव्हते. "दहा. पाच."

एडीने आपला कॅमेरा पुन्हा वळवला. चुलीमागे क्लेम तिच्याकडे, म्हणजे भिंगाकडे बघत होता. हातातली पाटी आता पातळ दिसत होती. त्याने सावकाश हात उचलला आणि नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं.

७

लूमिस खाली उतरला तेव्हा दिवे चालूच होते. क्लेम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"निरोप मीच पाठवला होता, साहेब. माझा गैरसमज झाला होता. माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही."

"नीट आठवून बघा, रज. तुमच्या स्वतःच्या कागदावरही एक खूण आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

लूमिस गेल्यावर तो पायरीवर बसला. आग्नेस शेजारी बसली. ते सँडविच तिने मोडून अर्धं त्याला दिलं.

"सदतीस साली एक सही केली होती," तो म्हणाला. "स्पेनमधल्या पोरांना दुधाचे डबे पाठवायचे होते. मला वाटलं दूधच ते. आता म्हणतात, तो कागद कम्युनिस्टांचा होता, एक नाव आण आणि तुझं खोडून घे. कुणाचं अक्षर आहे हे मला ठाऊकही नव्हतं, पोरी. फक्त ठाऊक होतं की कुणाचं तरी आहे."

"मग टोपी का घातलीत? नसती घातली तर मला कधीच कळलं नसतं."

क्लेमने आपल्या हातांकडे पाहिलं. "नळी खराब झाली असती," तो म्हणाला.

त्याचं नाव कुणी खोडलं नाही. मार्चमध्ये त्याला कामावरून काढल्याचं पत्र आलं. पुढे त्याने ब्रुकलिनमध्ये एका सिनेमागृहात यंत्र चालवलं आणि मरेपर्यंत आग्नेसला दर नाताळला कार्ड पाठवलं, त्यावर फक्त नाकावर बोट ठेवलेला एक माणूस काढलेला असे. साऊल दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाला गेला. पोटदुखी त्याच्याबरोबर गेली. रोझलीने त्या उंच टकल्या माणसाबद्दल जन्मभर कुणाला सांगितलं नाही आणि आग्नेसने पुढे लग्न केलं तेव्हा, "बरं झालं, तो सुटला," म्हणाली. थेलला त्या संध्याकाळनंतर सहा कामं मिळाली, आणि पत्रं जाळताना आपण खरंच रडलो हे तो हात पसरून सांगत असे. लूमिसला बढती मिळाली. वॉरन टिबेटने सोफ्यांचं दुसरं दुकान काढलं. जुलियन आणखी नऊ वर्षं दुसऱ्यांच्या नावांनी लिहीत राहिला आणि मग स्वतःच्या, पण काळ्या शाईने. एडी पुढे नामांकित कॅमेरामन झाला. सुट्टी झाली की मान खाली करून आवळल्याशिवाय तो कधी जेवायला गेला नाही.

लिंडक्विस्टने ती नळी फेकली नाही. निवृत्त झाला तेव्हा कापडात गुंडाळून आग्नेसला देऊन गेला, काही न बोलता.

त्या कार्यक्रमाची फिल्म काढलेली होती. आग्नेस ऐंशीची झाली तेव्हा एका संग्रहालयाने ती लावली आणि तिला बोलावलं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "आजी, शेवटी ती पानं जळताना त्यांच्यावर एक निजलेला माणूस दिसतो. मुद्दाम केलं होतं का? दिग्दर्शकाची कल्पना?"

पडद्यावर जुलियनच्या ओळी, करड्या दिसणाऱ्या, काठांनी वळत होत्या, आणि त्यांच्यावर थेल तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

"नाही ग," आग्नेस म्हणाली. "एक जण टोपी घालायला विसरला होता. आणि एकाला विसरता आलं नाही."